रस्त्याच्या मध्यावरचे सोने

पुण्यात मला कोणी गाव विचारले की मी "इंदूरकडचा" असे सांगून मोकळा होतो. खरे गाव देवास. पण देवास म्हटले की समोरचा भुवया वर करतो आणि मग मला सगळी कर्मकथा सांगत बसावे लागते. फार पूर्वी दोघा भावांनी राज्य वाटून घेतले, ते गावासकट. म्हणून त्या एवढ्याशा गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदतात. राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन, शिपायांचे पोशाख दोन, आणि सरहद्द कुठे म्हणाल तर भर बाजारातल्या रस्त्याच्या मध्यावर. या हाताची घरे थोरल्या पातीत, त्या हाताची धाकट्या पातीत. ऐकणारा आधी विश्वास ठेवत नाही आणि मग पोट धरून हसतो. माझ्या जन्मगावाला परक्याने हसावे हे मला खपत नाही. हसायचे तर मी हसेन. तो हक्क माझा आहे आणि तो बजावण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर मी तिकडे गेलो तो मात्र हसायला नव्हे. वडिलांना, म्हणजे आबांना, कायमचे पुण्याला आणायचे म्हणून गेलो. थोरल्या पातीच्या कचेरीत उभा जन्म काढून ते आता घरी बसले आहेत. आई जाऊन बरीच वर्षे झाली. मागच्या थंडीत ते ओट्याच्या पायऱ्यांवरून पडले आणि उजवा गुडघा जो सुजला तो सुजलेलाच राहिला. घरात एकटा म्हातारा माणूस, सोबतीला गणू नावाचा एक गडी, आणि मुलगा तिकडे पुण्यात वकिली करतो, हे चांगले दिसत नाही. आमच्या कुटुंबाने मागची वाऱ्याची खोली झाडून सारवून ठेवली होती. निघताना ती म्हणाली, "आणा त्यांना एकदाचं. पण येताना तिकडची भाषा आणू नका. मागच्या खेपेला तुम्ही महिनाभर 'जल्दी करा, जल्दी करा' म्हणत होता."

धार

रेल्वेचे वर्णन मी करणार नाही. ज्यांना हाडे खिळखिळी करून घ्यायची असतील त्यांनी स्वतः तिकीट काढावे. महूला उतरून टांगा केला आणि आधी धारेला गेलो. धारेला माझे मामा असतात, आणि आबा जगात कोणाचे ऐकत असतील तर आपल्या या मेव्हण्याचे. मामांना आपल्या बाजूला वळवले की अर्धा खटला जिंकला, असा माझा अंदाज होता.

मामा धारच्या सरकारी कोठीवर कारभारी होते. आता नाहीत, पण ही बातमी त्यांना कोणी दिलेली दिसत नाही. सकाळी स्नान झाले की ते अजून दरबारी पगडी चढवतात, अंगरख्याचे बंद बांधतात आणि ओसरीवरच्या गादीवर येऊन बसतात. कोणी येत नाही. दुपारी पगडी उतरते, संध्याकाळी पुन्हा चढते. धारेच्या सगळ्याच मराठी मंडळींना हा आजार आहे. यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून आले, आणि ही मंडळी अजून खाली उतरायला तयार नाहीत. घोडा केव्हाच मेला, हे सांगण्याची सोय नाही.

मला पाहताच मामा ओरडले, "काय भिया! किती दुबळा झालास! पुण्यात खायला मिळत नाही का रे?"

"मिळतं मामा. पण तिथं जेवून झालं की माणसाला उठता येतं."

हा टोमणा त्यांना कळलाच नाही. त्याचे उत्तर मामींनी पानात वाढले. माळव्यात दाल-बाफले नावाचा एक प्रकार असतो. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग शेणींच्या निखाऱ्यावर भाजायचे, आणि एवढे करूनही माणूस वाचेल अशी भीती वाटते म्हणून शेवटी तुपात बुडवून काढायचे. दोन बाफले खाल्ले की पुण्याचा माणूस मृत्युपत्राचा विचार करू लागतो. "पुरे, मामी," मी म्हटले. "पुरे कसं? मामाच्या घरी येऊन कोणी पुरे म्हणतं का?" असे म्हणून त्यांनी आणखी एक टाकला. मी लहानपणी खात असे तितकेच खाल्ले. मामींना वाईट वाटू नये हे त्याचे कारण, दुसरे काही नाही.

जेवणानंतर विड्याचे पान जुळवता जुळवता मामांपुढे विषय काढला. "तुम्ही आबांना दोन शब्द लिहा. तुमचं ते मोडणार नाहीत."

"पुण्यात त्यांना मुजरा कोण करील?" मामांनी विचारले.

"मुजऱ्यानं गुडघा बरा होत नाही, मामा."

"गुडघ्यासाठी कोणी जगत नाही, विसू." मग पान तोंडात टाकून ते म्हणाले, "माझ्या चिठ्ठीची काय जरूर? मुलाला नाही म्हणायची त्यांची रीत नाही. येतील ते. पण अण्णासाहेबांच्या सोन्याचं काय करशील, तेवढं बघून घे."

"तो पोरखेळ अजून चालू आहे?"

"चालू म्हणजे? दर दसऱ्याला आम्ही इथे धारेत बसून विचारतो, यंदा कोण आधी ओलांडून ऱ्हायला!" मामा इतके हसले की पगडी सारखी करावी लागली. ज्यांच्या घरी निवृत्तीची बातमी पोचत नाही, त्यांना देवासला हसण्याचा काय अधिकार, असे मला वाटून गेले. हे अण्णासाहेब कोण आणि सोन्याचे हे प्रकरण काय ते देवासला पोचल्यावर सांगतो.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडे आजोळी येत असू तेव्हा पालथी मडकी बांधून भोई तळ्यात उतरायचे आणि शिंगाडे काढायचे. काठावर पोरे उभी दिसली की ओले शिंगाडे मूठभर भिरकावून द्यायचे. त्यावर आमची झोंबाझोंबी व्हायची, काटा बोटात जायचा, ओठ काळे व्हायचे, आणि घरी गेल्यावर आई त्या काळ्या ओठांवरून कोणाला किती मिळाले ते ओळखायची. पुण्यात शिंगाडा भेटतो तो उपासाच्या दिवशी, पिठाच्या रूपाने. ते पीठ म्हणजे शिंगाड्याचे श्राद्ध आहे. मी काठावर बसून ओले शिंगाडे दातांनी फोडले, हिरडीत काटा घुसवून घेतला, आणि उत्तम वकिलाला शोभणार नाही असे काळे तोंड घेऊन मामांकडे परतलो. मामी बघून नुसत्या हसल्या. मला त्या क्षणी आईची फार आठवण झाली.

देवासची वाट

इंदुरास एक रात्र काढली, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सकाळी देवासचा टांगा केला. टांगेवाल्याचे नाव भेरू. किती वेळ लागेल असे विचारताच तो म्हणाला, "बेठो नी साब, अबी पोंची जावांगा." आत्ता पोचू, हे माळव्यात कोणीही कोणालाही केव्हाही सांगतो. विहिरीत पडलेल्या माणसालाही सांगतील.

गाव मागे पडताच भेरूने कमरेच्या बटव्यातून अफूची गोळी काढली, गालात ठेवली, आणि थोड्याच वेळात त्याची मान छातीवर आली. या प्रांतात अफू शेतात पिकते, व्यापाऱ्याच्या वखारीत भरते आणि उरलेली टांगेवाल्याच्या डोक्यात जाते. घोडा चालत होता म्हणून मी काही बोललो नाही. काळी जमीन, कापणी होत आलेली ज्वारी, मधूनच पळसाची झाडे, असे बघत बघत माझाही डोळा लागला असावा. कारण जाग आली तेव्हा सडक नाहीशी झाली होती. टांगा एका खेड्यात, एका घराच्या दारात उभा होता आणि घोडा निवांत कडबा खात होता.

मी भेरूला गदागदा हलवले. त्याने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिले आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "अरे, यो तो म्हारो सासरो हे!"

म्हणजे घोड्याने आम्हाला भेरूच्या सासुरवाडीला आणून सोडले होते. या रस्त्याने तो मालकाला बहुधा तिकडेच नेत असे, आणि देवासच्या गिऱ्हाईकाशी त्याला काही देणेघेणे नव्हते. मी संतापलो. पुण्याच्या जिल्हा कोर्टात ज्या आवाजाने मी साक्षीदारांना घाम फोडतो त्या आवाजात मी भेरूला फैलावर घेतले. तेवढ्यात त्याची सासू बाहेर आली, मला पाहून पदर पुढे ओढून म्हणाली, "आया हो तो जीमी ने जाजो." आलात तर जेवून जा. तिथे वाद संपला. आमच्या पेठेत असा अनोळखी टांगा बोळात शिरला तर खिडक्या उघडतात आणि दारे बंद होतात. इथे मला खाटेवर बसवून भुट्ट्याचा कीस वाढला. कोवळे मक्याचे दाणे किसून दुधात शिजवलेले, वर हिरवी मिरची. मी मागून घेऊन खाल्ला. राग आला असताना भूक जास्त लागते.

देवास

तिसऱ्या प्रहरी देवासची टेकडी दिसली. सपाट मुलखात ती एकटीच उभी आहे, वर देवीची देवळे आहेत आणि दुसरे काही पाहण्यासारखे नाही. असल्या टेकड्या पुण्याभोवती इतक्या आहेत की कोणी त्यांची नावेही विचारत नाही. तरी ही दिसली आणि मला रडू येईल असे वाटले. त्याचा मला राग आला.

नवरात्रात आबा मला खांद्यावर घेऊन ही टेकडी चढत. गर्दीत मी चुकू नये म्हणून. माझ्या पोटाला पगडी अडायची, तेव्हा ते ती काढून माझ्या हातात देत आणि म्हणत, "सांभाळ. ही पडली तर आपण दोघं पडलो." थोरल्या पातीचा मानकरी बोडक्या डोक्याने जत्रेतून चालला आहे आणि त्याची पगडी पोराच्या हातात आहे, हे पाहून लोक माना वळवत. आबांना त्याचे काही वाटत नसे. मी दोन्ही हातांनी पगडी छातीशी धरून बसे. वरून सगळे गाव दिसायचे. सरहद्द मात्र दिसायची नाही, आणि मी रोज विचारायचो, "आबा, रेघ कुठं आहे?"

ती रेघ आम्हा पोरांना खाली उतरल्यावर पाठ होती. समोर धाकट्या पातीत अण्णासाहेबांचे घर आणि घरामागे पेरूची बाग. पेरू तोडायचे, धावत रस्त्याचा मध्य ओलांडायचा आणि उभे राहायचे. धाकट्या पातीचा शिपाई मागून धावत यायचा तो मध्यावर गपकन थांबायचा. त्याचा अंमल तिथे संपत होता. मग आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, चवीने पेरू खायचो. आमच्या बाजूचा शिपाई ओट्यावर बसून हे बघायचा आणि मुलुख आमचा, गुन्हा तिकडचा, म्हणून तपकीर ओढायचा. पेरूचा मालक अण्णासाहेब माडीतून ओरडायचे, "अरे, आज तरी धर त्यांना!" आणि दुसऱ्या दिवशी तेच आबांना म्हणायचे, "यंदा पोरांनी बाग लवकर संपवली हो." सगळ्या हिंदुस्थानात इतका सुखाचा चोर दुसरा झाला नसेल. माझी वकिली तिथे सुरू झाली.

टांगा दारात थांबला तेव्हा ओट्यावर दोन म्हातारे बुद्धिबळ मांडून बसले होते. एक आबा, बुटके, रुंद, गुडघ्यावर एरंडाची पाने बांधलेले. दुसरे अण्णासाहेब, उंच, काठीसारखे, धाकट्या पातीचे निवृत्त अंमलदार.

"आबासाहेब, बघा कोण आलंय," अण्णासाहेब म्हणाले. "इंदूरकडचे पाहुणे!"

त्यांचा पुतण्या पुण्याला शिकायला होता. त्याने ही चहाडी केली असणार. मी कानामागे टाकले आणि पाया पडलो.

रस्ताभर मी मनात भाषण जुळवले होते. मुलाचे कर्तव्य, पुण्यातले वैद्य, वाऱ्याची खोली, सगळे मुद्दे ओळीने. पहिला मुद्दा निम्मा झाला आणि आबा म्हणाले, "येतो."

"काय?"

"येतो म्हटलं ना. गुडघा आता ऐकत नाही. एवढं दसऱ्याचं सोनं देऊन घेतो, दुसऱ्या दिवशी निघू."

इतका सोपा खटला मी जन्मात चालवला नव्हता. अण्णासाहेब पटाकडे बघत होते. मग त्यांनी मोहरी गोळा करून पेटीत टाकली. डाव अर्धाच झाला होता आणि तो त्यांच्या बाजूने झुकलेला मलासुद्धा दिसत होता.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पुण्यात वैद्य चांगले." आणि काठी टेकत रस्ता ओलांडून आपल्या घरी गेले. आबा रिकाम्या पटाकडे बघत राहिले.

आता ते सोन्याचे प्रकरण. आबा आणि अण्णासाहेब बालमित्र. वर्षभर दोघे एकमेकांकडे जातात, एकाच पंगतीला जेवतात, पटावर भांडतात. पण दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पाने द्यायला कोणी कोणाच्या दारी आधी जायचे? लहानाने मोठ्याकडे जावे ही आपली रीत. थोरल्या पातीचे लोक म्हणत, धाकट्यांनी यावे. धाकट्या पातीचे म्हणत, पाती धाकटी असेल, आम्ही नाही. शिवाय अण्णासाहेब वयाने मोठे. दोघेही आपापल्या दरबारात मानाचे. जो आधी जाईल तो आपल्या दरबाराचे नाक कापील. तेव्हा या दोन शहाण्यांनी तरुणपणीच तोड काढली. दोघांनी एकाच वेळी आपापल्या ओट्यावरून उतरायचे, रस्त्याच्या मध्यावर एक चपटा दगड आहे तिथे भेटायचे, सोने द्यायचे, मिठी मारायची आणि आपापल्या घरी परतायचे. दसऱ्याला सगळे जग सीमोल्लंघन करते. हे दोघे वर्षभर करतात, फक्त दसऱ्याला करत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब पुन्हा आमच्या ओट्यावर हजर.

लहानपणी मला हा सोहळा फार थोर वाटे. यंदा बघताना वाटले, इतका मूर्खपणा दोन माणसांनी मिळून इतकी वर्षे टिकवला, हेच आश्चर्य.

दसरा

दुपारी आबांनी पूजा केली. जुनी तलवार, लेखणी, सगळ्यांना फुले वाहिली. मी पाटावर बसू नका, खुर्ची घ्या म्हणून सांगत होतो. "देवापुढं खुर्ची?" म्हणून ते मांडी घालून बसले, आणि उठायची वेळ आली तेव्हा गुडघा अडकला. मी आणि गणूने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना ओट्यापर्यंत आणले. तिथून खाली तीन पायऱ्या. पाय पायरीवर टेकवताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते कण्हले नाहीत, पण खाली बसले.

सीमोल्लंघनाच्या दोन्ही स्वाऱ्या परतल्या होत्या. दोन बाजूंना दोन दरबारांची माणसे ओट्यांवर, माड्यांवर जमली होती. यांना या दिवशी हाच तमाशा. समोरचे दार उघडले. अण्णासाहेब पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात, हातात आपट्याची पाने घेऊन उतरले आणि सवयीने चालत मध्यावरच्या दगडापाशी आले. समोर कोणी नाही. ते थांबले.

त्यांनी आमच्या ओट्याकडे पाहिले. आबांना पायऱ्यांपाशी बसलेले पाहिले. काय झाले ते त्यांना कळले. त्यांच्या मागून, धाकट्या पातीतल्या एका माडीवरून कोणीतरी ओरडले, "वा अण्णासाहेब! आज धाकटी पाती थोरल्यांच्या दारात वाटतं!" खसखस पिकली.

अण्णासाहेबांनी एक पाय उचलला.

"खबरदार!" आबा ओट्यावरून गरजले. हा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "अण्णासाहेब, पाऊल पुढं टाकू नका!"

अण्णासाहेबांचा पाय जागच्या जागी खाली आला.

मला संताप आवरेना. "आबा, ते तुमच्यासाठी येताहेत. येऊ द्या ना! काय बिघडलं?"

आबांनी मला जवळ ओढले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी उद्या जाणार. त्यांना इथंच राहायचंय. आज ते आपल्या दारी आले, तर उद्यापासून ही माडीवरची माणसं त्यांना मरेपर्यंत टोचून खातील. आणि गुडघा माझा होता, हे सांगायला मी इथं नसणार."

 मी त्यांच्या हातातली पाने घेतली. "मग मी देऊन येतो. मुलाच्या हातून दिलं तरी पोचतं."

दगडापाशी जाऊन मी पाने पुढे केली. अण्णासाहेबांनी ती घेतली नाहीत. माझ्याकडे बघून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "घेतली असती रे विसू. पण ही कुठल्या पातीची म्हणून घेऊ? तू तर इंदूरकडचा."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मी पाने तशीच आणून आबांना परत दिली. आबांच्या पुढे पायरीवर पाठ करून बसलो. "बसा," मी म्हटले.

"काय?"

"पाठीवर बसा, आबा. जल्दी करा!"

आमचे कुटुंब तिथे नव्हते हे बरे.

गणूने त्यांना उचलून माझ्या पाठीवर दिले. आबा बुटके आहेत पण वजनदार आहेत, मामांकडचे बाफले माझ्या पोटात अजून बसलेले होते, आणि वकिलाला ओझे उचलण्याची सवय नसते. मी उठलो. दोन पावलांवर माझी पुणेरी पगडी आबांच्या हनुवटीला टोचू लागली. त्यांनी ती माझ्या डोक्यावरून काढली आणि माझ्या गळ्यापुढून दोन्ही हातांत धरली. पगडी पडू नये म्हणून ते ती किती घट्ट धरत होते ते मला दिसत होते. दोन्ही पात्यांचे लोक बघत होते. शिपाई उठून उभे राहिले होते. एका बैलगाडीवाल्याने गाडी थांबवली होती. आणि मी, पुण्याचा नामांकित वकील, बोडक्या डोक्याने घाम गाळत बाजारातून चाललो होतो.

ओझ्याच्या भरात मी दगडावरून एक पाऊल पुढे गेलो.

"मागे हो!" दोन्ही म्हातारे एकदम ओरडले. दोन्ही माड्यांवरूनही लोक ओरडले. मी मुकाट्याने एक पाऊल मागे आलो. खाली वाकून पाहिले तेव्हा माझे अंगठे दगडाच्या मध्यावर होते. मग सोने दिले गेले. माझ्या खांद्यावरून आबांनी पाने दिली, माझ्या कानाजवळून अण्णासाहेबांनी दिली. मिठीची वेळ आली तेव्हा अण्णासाहेबांनी लांब हात पसरून आम्हा दोघांना कवेत घेतले. मिठी त्यांची, चेंगरलो मी. तपकिरीचा आणि गुलाबपाण्याचा वास आला. लहानपणी पेरू खाताना हाच वास माडीतून यायचा.

"आबासाहेब," अण्णासाहेब माझ्या डोक्यावरून म्हणाले, "पुढच्या वर्षी मी इथं येऊन एकटा उभा राहणार बघा. पाय ऐकायचे नाहीत."

 पाठीवरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पण माझ्या पगडीचा काठ त्यांनी चुरगळला तो मला दिसला.

ओट्यावर उतरवल्यावर ते एवढेच म्हणाले, "गणू, ट्रंक काढ. सकाळी निघायचंय." दिलेला शब्द मोडायचा नाही, हाही एक दरबारी आजारच.

निघताना

सकाळी टांगा आला. भेरूच होता. ट्रंक दारात होती. समोरच्या ओट्यावर अण्णासाहेब पोथी उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते.

मी आबांना म्हटले, "एक सांगायचं राहिलं. पुण्याची ती खोली फारशी चांगली नाही."

"तू तर म्हणालास वाऱ्याची आहे."

"तीच तर पंचाईत. वारा गुडघ्याला वाईट. शिवाय जिना आहे. वैद्यही काही खास नाहीत, नुसते बोलतात. मी रात्री पुष्कळ विचार केला."

आबांनी माझ्याकडे पाहिले. "कोर्टात असंच बोलतोस?"

"पक्षकार बघून."

ते हसले. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. मी सुताराला बोलावून पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा बसवायला सांगितला, गणूला ओसरीवर निजायला सांगितले, आणि समोर जाऊन अण्णासाहेबांना म्हटले की तो डाव अर्धा राहिला आहे. त्यांनी पोथी मिटली. मी टांग्यात बसलो तेव्हा पट मांडला जात होता आणि कोणाची खेळी होती यावर दोघांचे भांडण जुंपले होते. असल्या गावाला कोणी शहाणे करू शकणार नाही. मी तो नाद सोडला.

पुण्याला घरी पोचलो तर आमचे कुटुंब आरतीचे तबक घेऊन दारात उभे. टांग्यातून मी एकटाच उतरलो. तिने मागे वाकून पाहिले.

"आबा कुठं आहेत?"

"देवासला. थोरल्या पातीत. आणि हे बघ, पुढच्या दसऱ्याला मला पुन्हा जावं लागणार आहे."

"एवढ्या लांब? कशासाठी?"

"आबांना रस्त्याच्या मध्यापर्यंत न्यायला."

तिने तबक खाली ठेवले. "फक्त मध्यापर्यंत?"

"फक्त," मी म्हटले. "एक पाऊलही पुढं नाही."